कोयनेच्या मानेवरची भेग

(धागा) दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळणारे पाणी सगळे वाशिष्ठीचे नसते. त्यातला बराचसा भाग महाबळेश्वरी उगम पावलेल्या कोयनेचा असतो. निसर्गाने कोयनेला पूर्वेकडे धाडले होते. हेळवाकजवळ वळण घ्यायचे, कऱ्हाडला कृष्णेच्या गळ्यात पडायचे आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागराकडे जायचे, असा तिचा क्रम होता. विसाव्या शतकात माणसाने तिला धरण घालून अडवले, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढला, पावणेपाचशे मीटरांच्या आसपास खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरवले आणि काम झाल्यावर वाशिष्ठीच्या स्वाधीन केले. तेव्हापासून तिचे पाणी चिपळूणवरून दाभोळ आणि अंजनवेल यांच्यामधल्या मुखाशी अरबी समुद्राला मिळते.

आजचा विषय त्या धरणाच्या अंगावर १९६७ साली उमटलेली भेग आणि ती समजून घेण्यासाठी पुढे रचले गेलेले गणित. कोयनेच्या भूकंपाची कथा आपल्याकडे अनेकदा सांगितली गेली आहे, भेगेची क्वचितच. धागा लांब आहे आणि मध्ये थोडे आकडेही येतील. इतिहासात आकड्यांचे काय काम, असे ज्यांना वाटते त्यांनी तर अवश्य वाचावा.

आरंभ दाभोळातूनच करू. बहमनी आणि आदिलशाही काळात हे कोकण किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने ते लुटून जाळले, तरी बंदर पुन्हा उभे राहिले. खाडीकाठची शाही मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात, ती त्या वैभवाची उरलेली खूण. तिच्या कमानींकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेललेला असतो. कोणताही दगड दुसऱ्याला लोंबकळत नाही. दगड दाबाला शूर आणि ओढीला भित्रा असतो, हे त्या गवंड्यांना समीकरणांवाचून ठाऊक होते. कमानीचा आकार म्हणजे दगडाच्या स्वभावाविषयीचे ते ज्ञानच होय.

अभियांत्रिकीत या ज्ञानाला स्वतंत्र नाव आहे. कोणत्याही बांधकामाचे गणित तीन गोष्टींवर उभे असते. पहिली, बलांचा समतोल. दुसरी, आकाराची भूमिती: एक भाग सरकला तर शेजारच्याला किती सरकावे लागेल. या दोन्ही गोष्टींना वस्तू पोलादाची आहे की गुळाच्या ढेपेची, याच्याशी काही कर्तव्य नसते. ते सांगते तिसरी गोष्ट: किती प्रतिबल आले असता द्रव्य किती विकृत होईल, भार काढल्यावर पूर्ववत होईल की नाही, आणि कोणत्या क्षणी हार मानील. प्रतिबल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर येणारा जोर, आणि विकृती म्हणजे त्या जोराने लांबीत होणारा बदल. या दोहोंना जोडणाऱ्या नियमाला अभियंते कॉन्स्टिट्युटिव्ह मॉडेल म्हणतात. या धाग्यापुरते आपण त्याला 'स्वभावनियम' म्हणू.

पहिला स्वभावनियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला. हेतू हा की शोधाचा मान आपल्याकडे राहावा आणि कोणी तो चोरू नये. १६७८ मध्ये त्याने कोडे उलगडले: जितका भार, तितकी वाढ. दुप्पट भार, दुप्पट वाढ. भार काढा, वस्तू पूर्वीसारखी. त्या वर्षी रायगडावरच्या राज्याभिषेकाला चार वर्षे झाली होती. हूकचा नियम सुंदर आहे, पण त्यात तुटणे नाही. त्याच्या जगातला दगड अनंत भार सोसतो आणि कधीच भंगत नाही.

भंगण्याचे गणित आणले ते शार्ल ऑगस्टँ कूलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने. वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामात त्याची काही वर्षे गेली आणि प्रकृतीही खालावली. परतल्यावर १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे निबंध वाचला. पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते हेच साल. कूलाँचे म्हणणे असे: दगड किंवा माती एखाद्या तिरप्या पातळीवर घसरून फुटते, आणि त्या घसरणीला दोन गोष्टी अडवतात, एक चिकटपणा आणि दुसरे घर्षण. त्या पातळीवर दाब जितका अधिक, तितके घर्षण अधिक. म्हणून दाबलेला दगड बळकट आणि ओढलेला दुबळा. दाभोळच्या गवंड्याच्या हाताला जे ठाऊक होते, ते कूलाँने कागदावर उतरवले. हे नाव लक्षात असू द्या. ते पुन्हा येणार आहे, आणि अगदी वेगळ्या ठिकाणी.

आता कोयना. साठीच्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेले हे धरण पायापासून सुमारे १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरांहून लांब आहे. ते रबल काँक्रीटचे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवून बांधलेले. आतल्या दगडामुळेच ते जड: पुढच्या अभ्यासांत त्याची घनता घनमीटरला २,६४३ किलो धरली आहे. साध्या काँक्रीटची सुमारे २,४०० असते. हे भाराश्रित धरण आहे. ते पाण्याला तोलते ते केवळ स्वतःच्या वजनाने.

त्या अभ्यासांतले दोन आकडे पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहेत. धरणाचे काँक्रीट दाबाखाली चौरस सेंटिमीटरला सुमारे २४५ किलो सोसते असे धरले जाते. ओढीखाली सुमारे ३० किलो, म्हणजे आठव्या हिश्श्याइतकेच. शंभर मीटर उंचीच्या सरळ स्तंभाच्या तळाशी स्वतःच्या वजनाचा दाब येतो तो सुमारे २७ किलो. म्हणजे दाबाच्या बाबतीत धरण आपल्या ताकदीचा नववा हिस्साही वापरत नाही. चिंता उरते ती ओढीची. एक मीटर लांबीचा काँक्रीटचा दांडा ओढला, तर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही लांबण्याआधी तुटतो.

मग त्या काळच्या आरेखनकारांनी काय केले? जे कमानीच्या गवंड्याने केले तेच. धरणाचा आकार असा ठेवायचा की कोठेही ओढ येणारच नाही. सगळीकडे फक्त दाब. भूकंपासाठी म्हणून धरणाच्या वजनाच्या पाच टक्क्यांएवढे आडवे बल गृहीत धरले. त्या काळच्या प्रघाताला धरूनच हे होते. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपापासून सुरक्षित प्राचीन भूभाग, हीच तेव्हाची धारणा होती. 'ओढ शून्य' हे गृहीतक म्हणजेही एक स्वभावनियमच होता. फक्त तो कोणी त्या नावाने ओळखत नव्हते.

आकारात मात्र एक वैशिष्ट्य होते. धरण आधी दोन टप्प्यांत उभारायचे ठरले होते. काम चालू असताना ते एकदमच पूर्ण उंचीला न्यायचा निर्णय झाला. त्यातून एक अनोखा छेद तयार झाला. खालची पाठ ऐसपैस उताराची, आणि पायापासून ६६.५ मीटरांवर तो उतार एकाएकी मोडून वरचा भाग जवळजवळ उभा. तळाशी ७० मीटर रुंद असलेले धरण त्या ठिकाणी १९ मीटरांच्या थोडे वर येते. रुंद खांद्यांवर अरुंद मान आणि त्या मानेवर साडेछत्तीस मीटरांचे डोके, असे ते रूप. स्थिर पाण्यासाठी त्यात काही गैर नव्हते.

१९६२ पासून जलाशय भरू लागला आणि परिसरात जमिनीतून गडगडाट व धक्के जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने भूकंपमापक यंत्रे बसवली. धरणाच्या पायाजवळच्या गॅलरीतही कंपने नोंदवणारे यंत्र होते. या दूरदृष्टीचे कौतुक आपल्याकडे पुरेसे झालेले नाही, असे मला वाटते. ते यंत्र तेथे नसते तर पुढची कथाच घडली नसती.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. सुमारे ६.३ तीव्रतेचा धक्का. लोक झोपेत होते, थंडीचे दिवस होते, घरे दगडमातीची होती. सुमारे १८० माणसे गेली. कोयनानगरातली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत.

धरणाच्या पोटातले यंत्र मात्र चालू राहिले. त्याने जे नोंदवले ते पाहून अभियंते थक्क झाले. गुरुत्वत्वरणाच्या हिशेबात धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४. आरेखनात धरलेला आकडा होता ०.०५.

पानशेत फुटून पुणे बुडाल्याला तेव्हा साडेसहा वर्षेच झाली होती. कोयनेचे धरण फुटते तर पाणी दाभोळकडे आले नसते. ते जुन्या वाटेने कऱ्हाडकडे, कृष्णाकाठच्या गावांवर गेले असते. जलाशयाची पातळी त्या पहाटे पायापासून सुमारे ९२ मीटरांवर होती.

धरण फुटले नाही. उजाडल्यावर पाहणी झाली तेव्हा अनेक ठोकळ्यांवर आडव्या भेगा आढळल्या. पाण्याच्या बाजूला आणि पाठीमागेही. बहुतेक भेगा एकाच उंचीच्या आसपास होत्या, जिथे उतार मोडतो तिथे, म्हणजे मानेवर. काही ठिकाणी पाणी झिरपत होते.

येथून दोन प्रश्न निघतात आणि दोन्ही अवघड आहेत. भेग नेमकी मानेवरच का पडली? आणि भेग पडूनही डोके जागेवर कसे राहिले?

पहिल्याचे उत्तर तुलनेने लवकर मिळाले. रुरकीच्या भूकंप अभियांत्रिकी संस्थेतील जय कृष्ण आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. बनारस हिंदू विद्यापीठात शिकून बर्कलीला गेलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये धरणाच्या एका उभ्या छेदाचे संगणकीय गणित मांडले. स्वभावनियम हूकचाच, पण भार स्थिर नव्हे: यंत्राने टिपलेला खराखुरा हादरा. धरण सेकंदाला सुमारे तीन वेळा हेलकावते, आणि हेलकावताना वेताच्या छडीसारखे त्याचे टोक बुंध्यापेक्षा कितीतरी अधिक हलते. पाच टक्क्यांचा जुना हिशेब सगळ्या उंचीला सारखेच बल लावत होता, त्यामुळे मोठे प्रतिबल पायाशीच येईल असे वाटे. प्रत्यक्षात ते मानेवर एकवटले, आणि तिथली ओढ काँक्रीटच्या कुवतीच्या फार पलीकडे गेली.

पण इथे हूकची मर्यादा आडवी येते. त्याच्या नियमात भंगणे नसल्यामुळे गणित एवढेच सांगते की इथे कुवत ओलांडली. भेग किती आत गेली, आरपार गेली का, हे त्याला सांगता येत नाही. आणि कऱ्हाडच्या माणसाच्या दृष्टीने नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा होता.

त्यासाठी भंगणाऱ्या काँक्रीटचा स्वभावनियम हवा होता. तो लिहिणे दिसते त्याहून कठीण. पोलादाचे गणित आधीच प्रगत झाले होते. पोलाद वाकते, वाकलेले राहते आणि तरीही भार घेत राहते. काँक्रीट दाबाखाली थोडेसे तसे वागते, ओढीखाली अजिबात नाही. ओढीची सीमा गाठली की त्याची ताकद हळूहळू ओसरत शून्यावर येते. हे ओसरणे संगणकात घालताच एक विचित्र अडचण उभी राहिली. संगणक धरणाचे लहान लहान तुकडे पाडून गणित करतो. तुकडे जितके बारीक, तितकी भेग अरुंद आणि तिला लागणारी ऊर्जा कमी. म्हणजे धरण किती मजबूत आहे, हे काँक्रीट ठरवत नव्हते. जाळी काढणाऱ्याचा हात ठरवत होता!

उपाय सुचवला स्वीडनच्या आर्ने हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी, १९७६ मध्ये. भेगेचा एक चौरस मीटर उघडायला लागणारी ऊर्जा हाच काँक्रीटचा गुणधर्म माना. तुकडे कसेही पाडा, तेवढी किंमत मोजलीच पाहिजे. कोयनेच्या अभ्यासांत ही किंमत चौरस मीटरला २०० ज्यूल धरतात. वीस किलोचे पोते जमिनीवरून मीटरभर उचलायला जेवढे श्रम, तेवढेच. पोलाद मोडायला लागणाऱ्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळच.

पुढे १९८९ मध्ये लुब्लिनर, ओलिव्हर, ओलेर आणि ओन्यात्ये या बर्कली आणि बार्सिलोनातील संशोधकांनी काँक्रीटसाठी एक एकत्रित नियम मांडला. कूलाँच्या घर्षणाची कल्पना, पोलादाच्या गणितातली आकार्यता आणि भेगांनी होणारी झीज, तिन्ही त्यात एकत्र आल्या. राहिली एक उणीव. भूकंपात भार एका दिशेने येत नाही. सेकंदाला तीनदा तो उलटतो. एका हेलकाव्यात पाठीची भेग उघडते, दुसऱ्यात ती मिटते आणि समोरची उघडते. मिटलेल्या भेगेतून ओढ जात नाही, पण दाब जातो. दोन विटा नुसत्या एकावर एक ठेवल्या तरी वरची खालचीवर भार टाकतेच.

ही गोष्ट गणितात बसवली जीहो ली आणि ग्रेगरी फेनवेस यांनी, १९९८ मध्ये. ओढीने झालेल्या झिजेचा एक हिशेब, दाबाने झालेल्या झिजेचा दुसरा, आणि भेग मिटताच दाबाची ताकद परत मिळण्याची सोय. फेनवेस हे चोप्रांचेच विद्यार्थी. नियमाची परीक्षा त्यांनी घेतली ती कोयनेवर. साहजिकच होते: हादऱ्याची खरी नोंद आणि त्याच हादऱ्याने भेगाळलेले धरण, या दोन्ही गोष्टी इतक्या नेटकेपणाने एकत्र मिळण्याची ठिकाणे जगात फार थोडी होती.

उत्तर असे आले. भेग पाठीमागच्या बाजूला, उतार मोडतो त्या कोपऱ्यातून सुरू होते. आधी आडवी आत शिरते, मग पाण्याच्या बाजूकडे जाताना खाली झुकू लागते, कारण डोलणाऱ्या डोक्याचा दाब तिला खाली ढकलतो. मानेवर डोक्याच्या वजनाने चौरस सेंटिमीटरला आठ-नऊ किलोंचा दाब आधीच साचलेला असतो. भूकंपाला प्रथम तो फेडावा लागतो, मग काँक्रीटची ओढ सोसण्याची ताकद मोडावी लागते. आणि प्रत्येक हेलकाव्यानंतर तेच वजन भेग पुन्हा मिटवते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. भेगाळलेले डोके जागेवर राहिले ते स्वतःच्या भारामुळे, ज्या न्यायाने कमानीचा दगड जागेवर राहतो त्याच न्यायाने.

अतिभक्ती मात्र नको. वेगवेगळ्या संशोधकांनी वेगवेगळे नियम वापरून कोयनेचे गणित केले आहे, आणि भेगेची वाट सगळ्यांची एकसारखी येत नाही. कोणाची जास्त वाकते, कोणाची कमी. मानेचे ठिकाण बहुतेकांना सापडते. पण ते सापडणे हे तुलनेने सोपे काम आहे. परीक्षेचा पेपर अवघड असला तरी त्यातला पहिला प्रश्न सर्वांना येतो, तसेच हे. आतल्या वाटेबद्दल बोलताना म्हणूनच जरा जपून बोलावे.

आता कूलाँ पुन्हा. धरणाच्या खाली, बेसाल्टच्या थरांच्याही खाली, जुन्या खडकात भ्रंश आहेत. भ्रंश म्हणजे कूलाँची तिरपी पातळीच. दाबामुळे येणारे घर्षण तिला अडवून धरते. जलाशयाचे पाणी फटींतून खोल पोचले की त्याचा दाब त्या पातळीला आतून उचलतो, घर्षण कमी होते, आणि आधीच ताणलेला भ्रंश घसरतो. जलाशयामुळे चालना मिळालेल्या ज्ञात भूकंपांत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा मानला जातो. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अनेक दशके अभ्यास केला. अलीकडे या परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्रही घेतले गेले. १७७३ च्या त्या निबंधातला नियम अशा रीतीने धरणाच्या वरही लागू पडला आणि त्याच्या पायाखालीही.

भूकंपानंतर भारताचा भूकंपप्रवण नकाशा बदलला. १९७० च्या सुधारणेत 'शून्य' क्षेत्र हा प्रकारच काढून टाकला गेला आणि कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. धरणाच्या भेगांत इपॉक्सी भरले, पोलादी तारांनी डोके खाली ताणून बांधले, आणि १९७३ पर्यंत सांडव्याखेरीजच्या भागाला पाठीमागून काँक्रीटचा आधार दिला गेला. सांडव्याचे बळकटीकरण २००६ मध्ये झाले.

या आधाराने उताराचा तो मोडलेला कोपरा झाकला गेला. तरी अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीच्या उदाहरणसंग्रहात जुना छेद आजही आहे: तळाशी ७० मीटर, मान ६६.५ मीटरांवर, पाणी ९१.७५ मीटरांवर. काँक्रीटचा नवा नियम लिहिणारे संशोधक तो छेद उघडतात, त्याला ११ डिसेंबरच्या पहाटेचे दहा सेकंद लावतात आणि भेग कोठून निघते ते पाहतात.